पाच थपडांचा साक्षीदार

प्रकाशभाई गेल्याची बातमी मला नववी ‘ब’च्या दाराशी उभी असताना कळली. बडोद्यात कारेलीबागेतल्या आमच्या शाळेत तास चालू असताना फोन घ्यायचा नाही असा नियम आहे. पण त्यांच्या बायकोचं, रेखावहिनींचं नाव चौथ्यांदा दिसलं तेव्हा मी मुलांना पुढचा परिच्छेद मनात वाचायला सांगून बाहेर आले. वहिनी रडत नव्हत्या. म्हणाल्या, “मीनलबेन, काल यांच्या शाळेच्या गेटवर पोरांची मारामारी झाली. हे मध्ये पडले. डोक्यात पाइप बसला. आत्ता दहाला गेले...” त्यांच्यामागे कुणीतरी गुजरातीत स्ट्रेचर बाजूला घ्यायला सांगत होतं. मी वर्गात परत गेले. तास संपायला वीस मिनिटं होती. ती मी उभ्यानेच काढली, कारण बसले असते तर पुन्हा उठता आलं नसतं.

त्याला आता सहा आठवडे झाले. वर्तमानपत्रांनी प्रकाश खैरनारांना शूर शिक्षक म्हटलं, शोकसभेत एका वक्त्याने त्यांना हुतात्मा केलं. सभेत मी मागच्या रांगेत बसले होते आणि मला वाटत होतं की हे कुणातरी दुसऱ्याच माणसाबद्दल चाललं आहे. मी त्यांना बी.एड.च्या पहिल्या दिवसापासून ओळखत होते. आमच्या ओळखीतली सगळ्यात मोठी गोष्ट ही, की त्यांनी माझ्याविरुद्ध साक्ष दिली होती आणि ती खरी होती. हे मी आजवर घराबाहेर कुणाला सांगितलेलं नाही. पण ते सोडून त्यांच्याबद्दल काही लिहायला घेतलं की पहिल्याच ओळीला पेन थांबतं. म्हणून तेच आधी लिहिते.

नऊ वर्षांपूर्वी आमच्या बी.एड.च्या तुकडीत मराठी बोलणारे आम्ही दोघंच होतो. मी तेवीस वर्षांची, घडियाळी पोळ या जुन्या गल्लीतली, पणजोबा संस्थानच्या शिक्षण खात्यात होते हे पहिल्या दिवशी सगळ्यांना सांगणारी. ते तेहेतीस वर्षांचे, दोन मुलींचे बाप. वडील खानदेशातून कारखान्याच्या कामासाठी बडोद्याला आलेले. भर उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायचे आणि कफाचं बटण कधी सोडायचे नाहीत. शिक्षक का व्हायचं आहे, असं प्राध्यापिकाबाईंनी एकेकाला विचारलं तेव्हा कुणी देशसेवा म्हणालं, कुणी मुलांची आवड. प्रकाशभाई उभे राहिले आणि म्हणाले, “नंदेसरीत केमिकल प्लँटवर होतो. ती नोकरी सुटली.” वर्ग हसला. ते माझ्या शेजारी येऊन बसायचे तेव्हा हाताने खूण करून मला उजवीकडे घ्यायचे. “या बाजूला बसा, बेन. डावा कान बंद आहे.” का बंद आहे, ते मी विचारलं नाही. मला तेव्हा इतरांबद्दल फारसं काही विचारावंसं वाटत नसे.

दुपारी मानसशास्त्राच्या तासाला ‘शारीरिक शिक्षेचे दुष्परिणाम’ या विषयावर आठ मुद्दे लिहून घ्यायचे असत. ते मी सुवाच्य अक्षरात लिहिले आणि चाचणीत पैकीच्या पैकी गुण मिळवले. सकाळी आम्ही ज्या शाळेत सरावपाठ घ्यायला जायचो तिथे गणिताचे एक सर होते. त्यांच्या हातात खुर्चीच्या पायाचा निघालेला तुकडा असायचा. आधी तिथल्या शिक्षकांचे तास मागे बसून पाहायचे आणि निरीक्षणाचा तक्ता भरायचा, असं आमचं काम. तक्त्यात फळ्याचा वापर, प्रश्नकौशल्य, वर्गनियंत्रण असे रकाने होते. त्या सरांनी एका मुलाला पालथ्या हातावर मारलं, इतकं की तो दुसऱ्या हाताने बोटं धरून बाकाखाली बसला. आमच्या सहा जणांच्या गटातल्या पाच जणांनी वर्गनियंत्रणापुढे ‘उत्तम’ लिहिलं. प्रकाशभाईंनी लिहिलं, ‘हाताच्या पाठीवर सात फटके. कारण, वही विसरला.’ आमच्या मार्गदर्शकांनी तो तक्ता परत केला. “आ बधुं नहीं लखवानुं,” हे सगळं लिहायचं नसतं, असं ते समजावणीच्या सुरात म्हणाले. प्रकाशभाईंनी मान हलवली आणि तोच तक्ता तसाच पुन्हा दिला. मला तेव्हा ते अडाणी वाटले होते.

माझा नववा पाठ आठवीच्या वर्गावर होता. विषय न्यायव्यवस्था. मार्गदर्शक मागे बसलेले, गटातले बाकीचे भिंतीला लागून. गुजराती मी गल्लीत खेळता खेळता शिकले, वर्गात पुस्तकी गुजराती बोलताना मात्र माझ्या तोंडी दर वाक्याला मराठी ‘म्हणजे’ यायचं. तिसऱ्या बाकावर जिगर नावाचा तेरा वर्षांचा मुलगा होता, बारीक, पुढचे दात किंचित वर आलेले. त्याने माझं ‘म्हणजे’ पकडलं. मी म्हटलं की तो हळूच म्हणायचा. मग शेजारचे म्हणायला लागले. मग अख्खी रांग. मार्गदर्शकांनी वहीत काहीतरी टिपलेलं मी पाहिलं. मी फळ्यापासून तिसऱ्या बाकापर्यंत चालत गेले एवढं मला आठवतं.

पहिली थप्पड बसल्यावरही त्याच्या तोंडावर हसू होतं, पुसायचं राहून गेलेलं. ते पाहून मी दुसरी मारली. तिसरीला माझ्या डाव्या हातात त्याची कॉलर होती, हे मला मागाहून सांगितलं गेलं. चौथी कानावर बसली. पाचवीला त्याचं डोकं खिडकीच्या गजावर आपटलं आणि कानातून रक्ताची एक बारीक रेघ कॉलरवर उतरली. खरं सांगते, त्या काही क्षणांत मला बरं वाटत होतं. आमच्या घरात कधी कुणी कुणावर हात उचलला नव्हता. माझे वडील आवाजसुद्धा चढवत नसत. माझ्या हातात काय आहे हे मला तेवीस वर्षांत कधी कळायची वेळच आली नव्हती. सहाव्यांदा हात गेला तो प्रकाशभाईंच्या छातीवर. ते मागून येऊन मुलाच्या आणि माझ्या मध्ये उभे राहिले होते. मला त्यांनी धरलं नाही, ढकललं नाही. मुलाला उचललं, खांद्यावर घेतलं आणि स्कूटरवरून दवाखान्यात नेलं.

मुख्याध्यापकांच्या खोलीत अर्ध्या तासात एक कागद तयार झाला. ‘विद्यार्थी बाकावरून घसरला आणि खिडकीचा गज लागला.’ खाली सहा सह्यांची जागा. मी सही केली. माझ्यामागून चार जणांनी केली. प्रकाशभाई दवाखान्यातून परत आले. त्यांच्या शर्टाच्या खांद्यावर रक्त होतं. मार्गदर्शक त्यांना म्हणाले, “मुलीच्या आयुष्याचा प्रश्न आहे, खैरनार. तुमच्याच समाजाची आहे.” त्यांनी कागद वाचला आणि बाजूला ठेवला. दुसरा कोरा घेऊन उभ्यानेच लिहिलं, ‘मी पाहिलं. पाच थपडा. तिसरीपासून कॉलर धरलेली. मुलाने हात उचलला नाही.’ आणि माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, “सहावी मला बसली, ती धरली नाही.”

दुसऱ्या दिवशी जिगरची आई आली. चार घरी पोळ्या लाटणारी किडकिडीत बाई. व्हरांड्यात तिने माझ्याकडे नीट पाहिलं, माझी वेणी मुठीत धरली आणि माझं डोकं भिंतीवर आपटलं. “हवे खबर पडी?” तिने विचारलं. आता कळलं का? माझ्या डोळ्यांपुढे पांढरं झालं, तोंडात दात ओठात रुतल्याची खारट चव आली. प्रकाशभाई पाच पावलांवर होते. ते जागचे हलले नाहीत. कितीतरी दिवसांनी मी त्यांना विचारलं, तेव्हा मध्ये का नाही आलात? ते म्हणाले, “ती थांबली होती, बेन. एकच फटका होता. मला विचारलं असतं तर तोही लिहून दिला असता.”

कॉलेजने माझी इंटर्नशिप रद्द केली. ती पुढच्या वर्षी पहिल्यापासून करायची आणि त्या बाईंची लेखी माफी मागायची, असं ठरलं. आमच्या घरी दिवाणखान्यात बसून सगळे त्या नंदेसरीच्या माणसाबद्दल बोलत. माझ्या वडिलांनी त्यांना विघ्नसंतोषी म्हटलं, काकांनी याहून वाईट काही. मनात मी त्यांचा जितका द्वेष केला तितका तोवर कुणाचाच केला नव्हता.

तीन आठवड्यांनी एका रविवारी सकाळी ते आमच्या घरी आले. वडील उठून आत गेले. आईने रीतीप्रमाणे चहा ठेवला आणि तीही आत गेली. प्रकाशभाई उजवा कान माझ्याकडे करून बसले. म्हणाले, “शिव्या द्यायच्या असतील तर द्या, ऐकून घेतो. पण पुढच्या वर्षीचा फॉर्म भरा.” मी म्हटलं, “माझ्यासारखीने शिकवू नये असंच तुम्ही लिहून दिलंत ना?” ते म्हणाले, “तसं कुठे लिहिलं? पाच लिहिलं.” मग चहा निवेपर्यंत ते बोलत राहिले. एरवी चार वाक्यांवर पाचवं न बोलणारा माणूस...

तिसरीत असताना शाळेतल्या एका मास्तरांनी त्यांचा डावा कान फोडला होता, पाढा चुकला म्हणून. घरी सांगितलं तर वडिलांनी पट्ट्याने मारलं, मास्तरांनी मारलं म्हणजे चूक तुझीच, म्हणून. पट्ट्याचं बकल पाठीवर उठायचं. सोळाव्या वर्षी एका संध्याकाळी वडिलांनी आईचा हात पिरगाळला तेव्हा त्यांनी वडिलांना मारलं. “दोन दात पडले त्यांचे. मी थांबलो नव्हतो, बेन. शेजाऱ्यांनी मला ओढलं. मला थांबता येत नव्हतं, कारण चांगलं वाटत होतं.” ते शब्द ऐकले आणि मी मान खाली घातली. ते पुढे म्हणाले, “त्या दिवशी तुमच्या तोंडावर मला ते दिसलं. म्हणून उठलो. नुसता मार असता तर कदाचित बसून मोजत राहिलो असतो. त्या शाळेत तेच करत होतो की.”

मग त्यांनी कफाचं बटण काढून बाही वर केली. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी वितळून पुन्हा थिजल्यासारखी दिसत होती. प्लँटवर एका पाइपलाइनीचा जोड फुटला होता आणि आम्ल उडालं ते त्यांच्या जोडीदारावर, महेंद्रवर. महेंद्र ओरडत भलत्याच दिशेला पळाला. प्रकाशभाईंनी त्याला दंडाला धरून पाण्याच्या फवाऱ्याखाली ओढायला पाहिलं, तर बाही हातात आली आणि बाहीबरोबर कातडी. त्यांनी पुन्हा धरलं. महेंद्र चौथ्या दिवशी गेला. “त्या लाइनीवर पाटी होती, इंग्रजीत. महेंद्र दहावीपर्यंत शाळेत गेला होता आणि त्याला ते दोन शब्द वाचता येत नव्हते. हॉस्पिटलमध्ये शुद्धीत असताना मी त्याला विचारलं, शाळेत काय शिकलास रे? तर म्हणाला, मार चुकवायला.” प्रकाशभाईंनी बाही खाली केली, बटण लावलं. “म्हणून बी.एड.ला आलो. हे वर्गात सांगितलं असतं तर टाळ्या वाजवल्या असत्या. नको वाटलं.”

पुढच्या रविवारी ते मला जिगरच्या घरी घेऊन गेले. माफीचं पत्र मी पोस्टाने पाठवलं होतं. ते म्हणाले, तोंडाने सांगावं लागेल. एका खोलीचं घर, मोरीवर पडदा. कानाचा पडदा भरून येतोय, थोडं कमी ऐकू येईल, असं डॉक्टरांनी सांगितल्याचं त्याची आई म्हणाली. ती माझ्याकडे पाहत नव्हती. जिगर भिंतीला टेकून उभा होता. मी पाठ करून आणलेलं वाक्य बोलायला सुरुवात केली आणि खांद्यावरून घसरणारी ओढणी सावरायला हात वर केला. त्या पोराने दोन्ही कोपरं तोंडावर घेतली आणि खाली बसला. आई धावली. मी तशीच उभी, ओढणी हातात. त्यानंतर मी काय बोलले ते मला आठवत नाही. बाहेर आल्यावर प्रकाशभाई म्हणाले, “हे बघायचं होतं तुम्ही. फॉर्मची तारीख शुक्रवार आहे.”

मी फॉर्म भरला. ते पास झाले आणि त्यांना नंदेसरीच्या वाटेवरच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची नोकरी लागली. पुढचं वर्षभर रविवारी मी त्यांच्या घरी जाऊन त्यांच्यापुढे पाठ घ्यायचे. त्यांच्या मुली आणि बिल्डिंगमधली मुलं वर्ग म्हणून बसायची आणि त्यांना मला छळायची परवानगी होती. त्यांनी मला शिकवलेलं कुठल्याच पुस्तकात नव्हतं. राग खांद्यातून सुरू होतो, तोंडातून नाही. तो खांद्यात आला की हाताला काम द्यायचं, फळा पुसायचा, खिडकी उघडायची. चिडवणाऱ्या मुलाकडे चालत जायचं नाही, चालत गेलं की थांबता येत नाही. “मी तुम्हाला चांगली बाई व्हायला शिकवत नाही,” ते एकदा म्हणाले. “बाकापासूनचं अंतर शिकवतोय.” मी पास झाले. घरी पेढे आणले तेव्हा वडिलांनी स्वतःहून एक डबा त्यांच्यासाठी वेगळा काढला. घरी मात्र त्यांना कधी बोलावलं नाही.

ते साधू झाले होते असं कुणी समजू नये. त्यांच्या घरातल्या दोन दारांना मुठीच्या आकाराची भोकं होती. एकावर रेखावहिनींनी कॅलेंडर लावलं होतं, दुसरं स्वयंपाकघराचं म्हणून तसंच होतं. वहिनींनी मला एकदा ते दाखवलं. “माझ्यावर, मुलींवर आजवर हात टाकला नाही त्यांनी. पण दार फुटतं ना, तेव्हा आम्ही तिघी आतल्या खोलीत जाऊन बसतो. मुलींना आवाज माहीत झालाय.” त्या हे तक्रारीच्या सुरात सांगत नव्हत्या, पण कौतुकाच्याही नाही. मी ते प्रकाशभाईंना बोलून दाखवलं तर त्यांचा चेहरा काळवंडला. म्हणाले, “ती खरं सांगते.” एवढंच. त्यानंतर तिसरं भोक पडलं नाही, असं वहिनी म्हणतात. मला ते मोजता आलेलं नाही.

त्या शाळेतली मुलं दंगेखोर होती. बरीचशी कामगारांची, काही अशा घरांतली की जिथे रोज संध्याकाळी कुणीतरी कुणालातरी मारतंच. वर्गात बेल्टने मारामाऱ्या व्हायच्या, प्रयोगशाळेतली काच फोडून तिचे तुकडे खिशात ठेवले जायचे. एका मुलीने, बाप शाळा सोडायला लावतोय, म्हणून सांगितलं. प्रकाशभाई समजावायला घरी गेले तर तो बाप दारू प्यायलेला होता. त्याने लाकडी पाट त्यांच्या खांद्यावर घातला. गळपट्टीचं हाड मोडलं. दोन महिने हात गळ्यात. मी भेटायला गेले तर विचारलं, पोलिसात का दिलं नाही? ते म्हणाले, “दिलं ना. नाव, पत्ता, पाट, एक फटका. आणि मुलीला शाळेत आणलं, ते वेगळं.” कधीमधी दुपारी त्यांचा फोन यायचा, तास संपल्यावर लगेच. “आज हात उचलला होता. वरच राहिला.” मी म्हणायचे, “बरं झालं.” ते म्हणायचे, “चालो, आवजो,” आणि ठेवून द्यायचे. कधी मी करायचे. माझेही तसे दिवस असतात. अजूनही असतात. आता कुणाला फोन करायचा...

शेवटच्या दिवसाचं मी पाहिलेलं नाही. मुख्याध्यापकांनी आणि दोन शिक्षकांनी सांगितलं ते लिहिते. दुपारी सकाळची पाळी सुटली आणि गेटबाहेर अकरावीच्या दोन टोळक्यांची जुंपली. कारण, कुणाच्या तरी मोटारसायकलचा आरसा. रस्ता खणलेला होता, कडेला नळकाम करणाऱ्यांचे पाइपचे तुकडे पडलेले. एका मुलाच्या नाकातून रक्त आलं, एकाला खाली पाडून लाथा घालत होते. प्रकाशभाई धावले आणि पडलेल्या मुलावर वाकले. त्याच वेळी सतरा वर्षांच्या एका मुलाने पाइप उचलून लाथा घालणाऱ्याच्या पाठीत मारण्यासाठी फिरवला होता. सर मध्ये आलेले त्याला शेवटच्या क्षणी दिसले. “सर, खसी जाओ,” असं तो ओरडला, सर बाजूला व्हा, हे चारपाच मुलांनी ऐकलं. तो त्यांच्या डाव्या बाजूला होता. त्यांना ऐकू आलं नाही.

ते बसले, मग उठले. कपाळावर फार रक्तही नव्हतं. त्या मुलाचे दात वाजत होते आणि पाइप त्याच्या हातातून सुटत नव्हता. प्रकाशभाईंनी त्याची बोटं एकेक करून सोडवली, त्याला शिक्षकांच्या खोलीत नेलं, पाणी दिलं. दवाखान्यात चला म्हटलं तर म्हणाले, तास झाला की जाऊ. आणि शाळेच्या नोंदवहीत लिहिलं. ते पान मी पाहिलं आहे. गुजरातीत, सरळ अक्षरात, मुलाचं नाव, वर्ग आणि पुढे, ‘मी खाली वाकलेलो होतो. पाइप डाव्या बाजूने आला, मला दिसला नाही. मुलाचा नेम माझ्यावर नव्हता. एक फटका.’ मग दुपारच्या पाळीतल्या दहावीला त्यांनी आरशांचं प्रकरण शिकवलं. अर्ध्या तासाने फळ्यावरची रेघ वाकडी गेली, म्हणून मुलं हसली. जिन्यात त्यांना उलटी झाली आणि ते तिथेच पडले. डोक्यात रक्त साठत होतं. शस्त्रक्रिया झाली, पण शुद्ध आली नाही.

त्या मुलाचं नाव मी लिहिणार नाही. तो निरीक्षणगृहात आहे. मुख्याध्यापकांनी नोंदवहीचं पान पोलिसांना दिलं आणि त्या शेवटच्या दोन वाक्यांचा त्याला उपयोग होईल असं वकील म्हणतात. पण वडीवाडीच्या स्मशानात गणवेशातली मुलं रांगेत उभी होती तेव्हा मला त्यांच्यातल्या एकेकाला कानफटात मारावंसं वाटत होतं. कोणालाही. माझा खांदा जड झाला होता. मी लाकडं रचणाऱ्यांना हात लावायला गेले. बायका लाकडं उचलत नाहीत असं कुणीतरी म्हणालं, पण मी उचलत राहिले, हात सोलेपर्यंत.

मागच्या आठवड्यात मुख्याध्यापकांचा वहिनींना फोन आला. शिक्षकांच्या खोलीतला प्रकाशभाईंचा खण बंद आहे, किल्ली घेऊन या. वहिनींनी मला बरोबर नेलं. मला वाटलं होतं पुस्तकं असतील. खण उघडला तर आत जुन्या उत्तरपत्रिकांच्या कागदात बांधलेल्या पुड्या होत्या, दोऱ्याने आवळलेल्या, खालीवर नीट रचलेल्या. प्रत्येकीवर मुलाचं नाव, वर्ग, काय आणि कुठे सापडलं ते, आणि खाली ‘निकालानंतर परत’. वहिनींनी एक सोडली. कटरचं पातं. दुसरीत सायकलची साखळी, एका टोकाला कापड गुंडाळलेलं. लोखंडी कडं, कडेला घासून धार केलेलं. पेन्सिलीला बांधलेली कंपासची सुई. मी तिसेक पुड्या मोजल्या आणि थांबले. एका कोपऱ्यात नुसते कागद होते, दोरा काढलेले, रिकामे. प्रत्येकावर वेगवेगळ्या शाईत मुलाची सही.

“ही शस्त्रं परत द्यायचे?” मी विचारलं.

मुख्याध्यापक म्हणाले, “बोलवायचा एकेकाला, निकाल लागला की. पुडी हातात द्यायचा. म्हणायचा, तुझी वस्तू आहे, मी चोर नाही, आता मोठा झालास, काय करायचं ते तू ठरव. पोरं हसायची. बहुतेकजण इथेच टाकून जायचे, भंगारात. दोघांनी नेली पण होती. मी भांडलोय त्याच्याशी या गोष्टीवरून.” मग म्हणाले, “आता हे सगळं मी पोलिसांना देऊन टाकतो, बेन. नाहीतर उद्या आमच्यावर येईल.”

वहिनी पुड्या चाळत होत्या. तळातली एक काढून त्यांनी माझ्यापुढे धरली. वरचं नाव आम्ही दोघींनी वाचलं. निरीक्षणगृहातल्या त्या मुलाचं. दोन महिन्यांपूर्वीची तारीख होती. ‘बेल्टचं बकल, मोडलेलं. दप्तरात. घरचं आहे. निकालानंतर परत.’ वहिनींनी ती सोडली नाही. होती तिथे परत ठेवली, त्यावर बाकीच्या नीट रचल्या, खण लावला आणि किल्ली आपल्या पर्समध्ये टाकली.

“निकाल मे महिन्यात लागतो,” त्या मुख्याध्यापकांना म्हणाल्या. “मुलं येतील. तोवर राहू द्या.”

“आणि देणार कोण?”

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं की त्या आठवड्यात मी रजा टाकीन.